एका ओढीची गाठ

ता. ६ फेब्रुवारी

उंटिणीस,

पत्राच्या वरती मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असं काहीतरी लिहायचं असतं. तू मला मोठी पण नाहीस आणि लहान पण नाहीस, म्हणून ते राहू दे. मी पोचले.

चौथीनंतर एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. काना-मात्रा चुकतील. तुला काय फरक पडतो, तुला वाचता कुठे येतं. वाचून दाखवणार इस्त्रीवाला. म्हणून आधी त्याच्याशी बोलते. इस्त्रीवाल्या, लिहिलंय तसं वाच. मधेच पदरचं घालू नकोस. आणि ही हसली की खोकल्याचं नाटक करून थांबायचं नाही. तू कागदाकडे कमी आणि हिच्याकडे जास्त बघणार, हे मला इथे बसून दिसतंय.

आता तू ऐक. माझा तुझ्यावर राग आहे.

आपलं ठरलं होतं की एकाच बसने निघायचं. तू खिडकीत, कारण तुला गाडी लागते. टपावर पांढरी चादर बांधली की वर विमानातून बघणाऱ्याला कळतं, आत कामाची माणसं आहेत, बंदुकीवाले नाहीत, असं तो मदतवाला माणूस म्हणाला आणि अख्खा दवाखाना आपल्या दोघींकडे बघायला लागला. लाँड्रीवाल्या म्हणजे चादरी आपल्याच बापाच्या. जोडून शिवल्या, बांधल्या. मी शिडीवर चढले, तू खालूनच हात पुरवलास. इथपर्यंत ठीक. मग कोणीतरी म्हणालं, मागच्या बसला काय बांधायचं? आणि तू म्हणालीस, मी आणते. तुला कोणी विचारलं होतं का? तिथे सुपरवायझर होता, वॉर्डबॉय होते, त्यांच्या हाताला काय मेंदी लागली होती? ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मी दारात लोंबकळतेय, तू माझ्या कानात एक वाक्य बोललीस, मला आत ढकललंस आणि म्हणालीस, मागच्या बसने आलेच.

आमच्या मागे पुलावरचा रस्ता बंद केला आणि मागची बस निघालीच नाही, हे मला बोटीवर कळलं. बोटीवर सगळ्यांनी मला पाणी दिलं, बिस्किटं दिली.

मी लेकीकडे आहे. जावई बरा आहे, बोलत नाही, म्हणून बरा. काल दोरीवरची चादर काढली आणि लेकीला म्हटलं, धर. तिने दोन कोपरे धरले आणि माझ्याकडे चालत आली ती डावा कोपरा उजव्यावर घालून. मी ओरडले. ती म्हणाली, आई, चादर आहे, ऑपरेशन नाही. तिचं बरोबर आहे. पण आपण दोघी वर्षानुवर्षं काय करत होतो? दवाखान्याच्या शिक्क्याची बाजू माझ्याकडे, कोरी बाजू तुझ्याकडे, मी हं म्हणायचं, तू चालत यायचं, कोपरे माझ्या हातात द्यायचे, खाली वाकून घडीची कड उचलायची. तू जवळ आलीस की तेवढ्यात एक वाक्य बोलायचं, लांब गेलीस की गप्प. सगळ्या जगाच्या चहाड्या आपण अशा एकेक वाक्यात केल्या. लेकीला हे कसं सांगणार?

कामाचं ऐक. इथे बंदरावर ऑफिस उघडलंय. तिकडे अडकलेल्यांना आणायला बोट परत जाणार आहे. पण तुमचे पासपोर्ट दवाखान्याच्या साहेबाच्या कपाटात, म्हणून इकडच्या घरच्या माणसाने सही करून मागणी केली तर नाव आधी लागतं. खिडकीत एक चष्मेवाली बाई बसते. तिने विचारलं, तुम्ही तिच्या कोण? मी म्हटलं, आम्ही चादरी घड्या करतो. ती म्हणाली, ते नातं नाही. मग कोणतं नातं पाहिजे? म्हणाली, रक्ताचं, नाहीतर लग्नाचं. लग्नाचं तुझं तू मोडून आलीस. राहिलं रक्ताचं. एरवी तू म्हणायचीस, भावाचं नाव काढलंस तर याद राख. पण बसच्या दारात कानात जे बोललीस ते माझ्या लक्षात आहे. ते इथे लिहीत नाही, तिसरा माणूस वाचतोय. मी तुझ्या भावाकडे जाणार.

आणि इस्त्रीवाल्या, मागच्या बसची चादर तूच बांधणार, दुसरं आहे कोण. तर गाठ आधी पाण्याने ओली कर आणि मग आवळ. ओली गाठ वाळली की दगड होते. गठ्ठ्यांना मारतोस तसली एका ओढीत सुटणारी गाठ मारू नकोस. नर्सबाईला एका हाताने गठ्ठा सोडता यावा म्हणून ती असते. बस म्हणजे गठ्ठा नाही.

हे पत्र चष्मेवाली औषधांच्या खोक्यात घालणार आहे. तिकडचा ड्रायव्हर दवाखान्यात देईल म्हणाली.

शिक्क्याच्या बाजूची


ता. १७ फेब्रुवारी

उंटिणीस,

तुझं उत्तर नाही. औषधांची गाडी रोज जात नाही, हे मला समजतं. समजलं तरी राग येतो.

तुझ्या भावाकडे गेले होते. त्याचं पंक्चरचं दुकान तू सांगितलंस तिथेच आहे, बाहेर टायरांची उतरंड, आत काळ्याकुट्ट पाण्याचा टब. तुझ्यासारखाच लांबलचक. बसलेला असला तरी उभा वाटतो. मी म्हटलं, मी तुझ्या बहिणीकडून आले. त्याने ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे बघत बसला. मग म्हणाला, "मला बहीण नाही."

मी म्हटलं, बरं, मग पंक्चर काढून दे. तो म्हणाला, सायकल कुठाय? मी म्हटलं, सायकल नाही. आपल्या दोघांकडे काहीच नाही, तर बसून बोलू.

त्याला हसू आलं नाही. बाकी जे बोलला ते लिहीत नाही. इस्त्रीवाला वाचतोय आणि त्याचं मन हळवं आहे. इतकंच सांगते की तू नवऱ्याचं घर सोडून आलीस त्या दिवसाचं त्याला सगळं पाठ आहे. कोण दारात उभं होतं, कोणी काय ऐकवलं, बापाची मान कशी खाली गेली. पण तू त्यानंतर कुठे राहिलीस, काय खाल्लंस, कोणत्या देशात किती चादरी धुतल्यास, त्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. त्याने विचारलंच नाही कोणाला.

तुझी वहिनी मात्र चहा घेऊन बाहेर आली. ती बारीक आवाजात म्हणाली, ताई उंचच आहेत का अजून? मी म्हटलं, नाही, मधे जरा आखूड झाली होती, परत वाढली. तशी ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मला ती आवडली. ती भावाला वळवेल असं वाटत नाही, पण चहा देईल.

मी त्याला सांगून आले, उद्या परत येते. तो म्हणाला, येऊ नका. मी म्हटलं, रस्ता तुझ्या बापाचा नाही. दुकानासमोर एक दगड आहे, बसायला चांगला आहे.

चष्मेवालीकडेही रोज जाते. ती आता मला बघितलं की आधी पाण्याचा ग्लास पुढे करते, मग मान हलवते. तिकडचं नीट काही कळत नाही म्हणते. रस्ता मधे एका सकाळपुरता उघडला होता म्हणे. त्यात बस निघाली की नाही, ते कोणाला सांगता येत नाही. तू निघाली असशील तर कुठे आहेस? बंदराच्या तिकडच्या काठाला शाळेत माणसं ठेवलीत म्हणतात. असशील तिथे, तर हे पत्र दवाखान्यात पडून राहील आणि मी वेडी ठरेन. ठरू दे.

शेजाऱ्यांना वाटतं मी लढाईतून आले म्हणजे माझ्याकडे गोष्टी असणार. परवा एक जण विचारत होती, रक्त बघितलं का हो? मी म्हटलं, लाँड्रीत होते, बाई, सगळ्यांचंच बघितलं. थंड पाण्यात भिजवायचं, गरम पाण्यात टाकलं की डाग बसतो. तिला हे नको होतं.

उत्तर पाठव. इस्त्रीवाल्याला सांग, दोन ओळी लिहायला हात झिजत नाही.

शिक्क्याच्या बाजूची


ता. १ मार्च

उंटिणीस,

तुमचं पत्र आलं. चष्मेवालीने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मी रांग मोडून पळाले, लोकांनी शिव्या दिल्या. घेतल्या.

इस्त्रीवाल्या, तुझ्या अक्षराला काय झालं? तू तर रुमालाच्या घडीसारखं लिहायचास. आपल्या लाँड्रीच्या दारावरची पाटी तूच लिहिलेली, साहेब कौतुक करायचा. आणि हे काय, कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं. दिवा नाही का तिकडे? पत्र वाचायला मला संध्याकाळ लागली. लेक म्हणाली, मी वाचू का, मी म्हटलं, नको.

तर तुम्ही लिहिता की ती बरी आहे. लाँड्री चालू आहे. पाणी कमी येतं. बस अजून निघालेली नाही. तिला एक नवी पोरगी जोडीला दिली आहे आणि ती शिक्क्याची बाजू धरून नव्या पोरीला शिकवते. माझी आठवण काढते. भावाला आशीर्वाद सांगितला आहे.

बरं.

उंटिणी, तू आणि शिक्क्याची बाजू? त्या बाजूला तू एकदाही उभी राहिलेली मला आठवत नाही. का नाही, ते तुला माहीत आहे आणि मला. सुपरवायझरने एकदा जबरदस्तीने उभं केलं, तर तू चादरच हातातून सोडून दिलीस आणि मलाच ओरडा बसला. आता मी नाही म्हणून धरावी लागत असेल. माणूस काय काय शिकतो. असेल तसं.

भावाला आशीर्वाद सांगितलास, ती ओळ मात्र मी परत परत वाचली.

दुकानासमोरच्या दगडाची मला आता सवय झाली आहे. तुझा भाऊ माझ्याकडे पाठ करून काम करतो. गिऱ्हाईक विचारतात, या कोण? तो म्हणतो, कोणी नाही. मी म्हणते, पाव्हणी आहे. वहिनी दोन वेळा चहा आणते आणि दर वेळी कप ठेवताना एक प्रश्न विचारते, कप उचलताना एक. ताईंचे केस पिकले का. ताईंना तिकडे कोणी आहे का. मी म्हटलं, एक इस्त्रीवाला आहे, पण दोघंही मठ्ठ आहेत, पुढे काही होत नाही. हे वाचताना खोकलास ना, इस्त्रीवाल्या? मला माहीतच होतं.

एक काम कर, उंटिणी. बसच्या दारात तू माझ्या कानात जे बोललीस, ते याला सांग आणि याच्याकडून लिहून पाठव. मला ते नीट आठवायचंय. हॉर्नचा आवाज होता. एखादा शब्द माझ्याकडून निसटला असेल तर तू सांगशील.

बाकी सगळं ठीक. लेक मला म्हणाली, तू हल्ली चादर एकटीच घडी करतेस, भिंतीला लावून. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा भिंत सरळ धरते.

शिक्क्याच्या बाजूची


ता. १४ मार्च

उंटिणीस,

उत्तर लवकर आलं या वेळी. तू म्हणतेस, बसच्या दारात काय बोलले ते आठवत नाही, गडबड फार होती. पुढे इस्त्रीवाल्याने लिहिलंय की तू सारखी माझी काळजी करतेस आणि मी जेवत जावं. अक्षर आणखी वाकडं झालंय.

मी जेवते.

आता तुला एक सांगते, मग तुला काय करायचं ते कर. मी तुझा शब्द मोडला. तू कानात म्हणाली होतीस, "भावाकडे गेलीस तर माझ्या कानाचं सांगू नकोस." गडबडीत मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं. सांगू नकोस म्हणालीस, जाऊ नकोस म्हणाली नाहीस. मी बोटीवर सारखं तेच घोळवत होते.

परवा दगडावर बसले होते. तुझा भाऊ टायरात हवा भरत होता. पंपाचा आवाज थांबला आणि तो पाठमोराच म्हणाला, तिला एवढी पडली असती तर तिने एकदा तरी फोन केला असता. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, केला होता, नाव न सांगता. तू बोललास तेवढा वेळ तिने फोन डाव्या कानाला धरला होता, मुद्दाम. त्या कानाने तिला काही ऐकू येत नाही. तू काय बोललास ते तिने ऐकलंच नाही, नुसता तुझा फोन चालू आहे एवढं तिला पाहिजे होतं.

तो वळला. म्हणाला, "का ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, "तुझा हात पडला त्या दिवसापासून."

त्याला माहीत नव्हतं गं. मला वाटत होतं याला माहीत असेल आणि हा दगड आहे. त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी त्याने बहिणीला एक थोबाडीत मारली आणि ती निघून गेली, संपलं. तो म्हणाला, एकच मारली होती. मी म्हटलं, एकच पुरली. मग त्याने विचारलं, कोणता, डावा का? आणि स्वतःचा उजवा हात हवेत धरून बघितला, समोर कोणी उभं असल्यासारखा. बरोबर डाव्या कानावर आला. वहिनी दारात कप घेऊन उभी होती. तो कप तिने ठेवला नाही, तसाच धरून राहिली.

म्हणून तू शिक्क्याची बाजू धरत नव्हतीस. तिथे उभं राहिलं की तुझा चांगला कान धुण्याच्या मशीनकडे यायचा आणि माझं हं तुला ऐकू यायचं नाही. हे तिकडे फक्त मला माहीत होतं. इस्त्रीवाल्याला तू कळू दिलं नाहीस. त्याच्यासमोर तू हसायचीस ते अर्धं न ऐकताच. हे त्याला आता कळेल. कळू दे.

दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ दुकान बंद करून माझ्याबरोबर बंदरावर आला. खिडकीशी चष्मेवालीने विचारलं, नातं? तो म्हणाला, भाऊ. सही करायला एवढा वेळ लावला की मागचे ओरडायला लागले. बोटांचं काळं कागदाला लागलं. ती म्हणाली, असू दे, चालतं. आज तिकडे निरोप गेला. आता तुझं नाव लागणार. तिकडून उत्तर येईल, आहे किंवा नाही.

मी शब्द मोडला म्हणून रागावशील. रागाव. चार शिव्या लिहून पाठव, तुझ्या म्हणून मला ओळखू येतील अशा. त्या वाचून मी निवांत झोपेन.

इस्त्रीवाल्या, हे पत्र वाचून दाखव. ती जिथे असेल तिथे जा आणि मोठ्याने वाच. उजव्या बाजूने.

शिक्क्याच्या बाजूची


ता. २९ मार्च

इस्त्रीवाल्यास,

हे पत्र तुझं आहे. बसून वाच.

चष्मेवालीने मला आत बोलावलं. याआधी कधी बोलावलं नव्हतं, तेव्हाच कळलं. भावाच्या मागणीवर तिकडून उत्तर आलं होतं आणि त्याच खोक्यात तुझंही पत्र होतं. तिने विचारलं, आधी कोणतं? मी तुझं मागितलं. खोटं लिहिणाऱ्याकडूनच खरं ऐकू म्हटलं.

मला माहीत होतं. तू शिक्क्याची बाजू लिहिलीस तेव्हापासूनच. तुझ्यापर्यंत चादरी घड्या होऊन यायच्या, कोण कुठे उभं राहतं ते तुला इस्त्रीच्या टेबलावरून दिसायचं नाही. नवीन माणसाला शिकवायला शिक्क्याची बाजू मोठी, असं तुला वाटलं. तिला मोठं करायला गेलास आणि मला कळलं. तरी मी पुढची दोन पत्रं तिच्या नावाने लिहिली. तू खोटं लिहीत होतास आणि मी खोटं वाचत होते, तेवढे दिवस ती चादरी घड्या करत होती. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही.

आता गाठीचं.

तू लिहितोस, सकाळी रस्ता उघडला, घाई होती, तिने एक टोक बांधलं आणि दुसरं तू. हात आपोआप गठ्ठ्याची गाठ मारून मोकळा झाला, तुला कळलंसुद्धा नाही. पुलाच्या पुढे वाऱ्याने तुझं टोक सुटलं, चादर तिच्या बाजूला गुंडाळली गेली आणि टप उघडा पडला. मग वरून आलं. ती खिडकीत होती. तू दाराशी होतास म्हणून तुझा नुसता हात गेला. आणि माझं पहिलं पत्र तुला वॉर्डातल्या खाटेवर मिळालं, त्यात गाठीचं लिहिलेलं. ते वाचल्यावर खरं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून डाव्या हाताने खोटं लिहिलं.

मी अक्षराची चेष्टा केली. कोंबडी म्हटलं.

इस्त्रीवाल्या, मी गोड बोलणारी बाई नाही. गाठीने काही झालं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत नाही. आमच्या चादरीच्या गाठी ओल्या होत्या आणि आम्ही पोचलो, पण त्या दिवशी वर कोणी होतं का, आणि असलं तर त्याने खाली बघितलं का, हे मला कोण सांगणार? चादर बघून थांबणारा माणूस असता तर दवाखान्यालाही छप्पर राहिलं असतं. त्याच्यावर तर केवढा मोठा शिक्का रंगवला होता. मी रात्रंदिवस तेच करते, एकदा तुझ्यावर टाकते, एकदा त्या वरच्यावर टाकते, मधेच तिच्यावर, की कोणी सांगितलं होतं मी आणते म्हणायला. कुठेच टिकत नाही. तुला माफ केलं असं लिहिलं तर तू म्हणशील ही मला बरं वाटावं म्हणून लिहिते. म्हणून नाही लिहीत. राग आला की तुझ्यावर येईल आणि तू समोर असलास तर तोंडावर बोलेन. त्यासाठी तू समोर पाहिजेस.

तिला मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपलीकडे ठेवलं, हे बरं केलंस. आपल्याच चादरीत ठेवलं, तेही बरं केलंस. माझं शेवटचं पत्र तिथे उभं राहून मोठ्याने वाचलंस, उजव्या बाजूने, असं लिहिलंयस. ती ओळ मी तिच्या भावाला वाचून दाखवली.

त्याला मीच सांगितलं, दुकानात जाऊन. टब समोर होता. त्याने दोन्ही हात पाण्यात घातले आणि तसाच बसला. वहिनी रडली, तो नाही. मग विचारलं, तो जो वाचून दाखवायचा, तो कुठाय? मी म्हटलं, दवाखान्यात, एका हाताचा, त्याला मागणी करणारं इकडे कोणी नाही. आईबाप लहानपणीच गेले, तो स्वतःच सांगायचा. भाऊ उठला, हात पुसले, दुकान ओढून घेतलं.

खिडकीशी चष्मेवालीने विचारलं, नातं? तो म्हणाला, "भाऊ."

ती म्हणाली, सख्खा? तुमची आडनावं तर वेगळी आहेत.

तो म्हणाला, "लिहा की सख्खा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीच्या गजांकडे बघितलं. तिने लिहिलं. सही या वेळी पटकन केली.

तर तुझं नाव लागलंय. ही शेवटची बोट आहे, असं म्हणतात. मी जाणार नाही, मी इथेच बरा, असलं काही डोक्यात आणू नकोस. मागच्या अंगणात बसून तिला सोबत होत नाही. ती बडबडी होती, तू घुमा आहेस, ती कंटाळेल.

बसवर चादर बांधाल तेव्हा तुझ्याच्याने गाठ व्हायची नाही. दुसऱ्याला मारायला लाव. तू पाणी घेऊन शेजारी उभा राहा. ओली करायला सांग, आवळायला सांग, आणि मग तू स्वतः ओढून बघ. सुटली तर परत मारायला लाव. कोणी घाई केली तर करू दे. ड्रायव्हरने हॉर्न मारला तर मारू दे.

मी धक्क्यावर असेन. तिचा भाऊ येईल, त्याची उंची बघून दचकू नकोस. लेकीच्या मागच्या खोलीत तुझी खाट घातली आहे. फुकट राहायचं नाही. आम्ही इथल्या एका दवाखान्याच्या चादरी धुवायला घेतल्यात आणि मला कोऱ्या बाजूला माणूस पाहिजे. लेकीला जमत नाही, भिंत चालत येत नाही.

एका हाताने चादरीचे दोन कोपरे धरता येतात. मी उजवा हात पाठीशी बांधून करून बघितलं. अंगठ्यात एक, बोटांत एक. आधी सुटतात, मग जमतं. मी हं म्हटलं की चालत यायचं.